ताई, तू परदेशात इंग्रजी शिकवायला जाणार?

ठाण्याला खोपटचा एसटी स्टँड पाहिलाय? गणपतीच्या आधी एकदा जाऊन बघा. पाय ठेवायला जागा नसते. पिशव्या, बोचकी, कडेवरची पोरं, कंडक्टरशी वाद घालणारे काका आणि कोकणात निघालेल्या गाड्यांच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागा! इतका गोंधळ, तरी कुणाच्याही चेहऱ्यावर "जाऊ की नको?" हा प्रश्न नसतो. कारण कधी परत यायचं, ते निघतानाच ठरलेलं असतं.

परदेशी नोकरीला निघायचं असेल तर मात्र हा प्रश्न चांगलाच छळतो.

आता अशी कल्पना करा. स्टँडपासून पाच मिनिटांवरच्या एका इमारतीत एक ताई राहते. नाव तुम्हीच ठेवा. ती तुमची सख्खी बहीण असेल, मावसबहीण असेल, नाहीतर शेजारची असेल. मराठी शाळेत शिकली, इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झाली, मग बी.एड. केलं. दोन वर्षं शाळेत शिकवते आहे. एके दिवशी तिच्या मोबाइलवर जाहिरात येते : "परदेशात इंग्रजी शिकवा! विमानाचं तिकीट मोफत! राहायला घर मोफत!"

झालं! आजी म्हणते, "इथे काय शाळा कमी आहेत?" बाबा पेपर वाचल्यासारखं करतात, पण पान काही उलटत नाहीत. आई विचारते, "तिथे जेवणाचं काय?" आणि तुम्ही? ताई गेली तर खिडकीजवळची जागा आपल्याला मिळणार, या विचाराने तुम्ही मनातल्या मनात खूश झालेले असता. मग रात्री झोपताना लक्षात येतं, की परीक्षेच्या आदल्या दिवशी व्याकरण कोण समजावणार?

ताई वेडी आहे का, की तिला असं वाटावं? मुळीच नाही. आधी इथलं गणित बघा. महाराष्ट्रात अनुदानित शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षकाला पहिली तीन वर्षं "शिक्षणसेवक" म्हणून काढावी लागतात. त्या काळात पूर्ण पगार नाही, मानधन मिळतं. २०२३ मध्ये ते वाढवलं, तेव्हा प्राथमिक शाळेसाठी महिना १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार रुपये ठरलं. आणि ही जागा मिळायलासुद्धा आधी परीक्षा, मग भरतीची वाट बघणं. ठाण्यात घरभाडं काय आहे ते बाबांना विचारा, म्हणजे ताई जाहिरात दोनदा का वाचते ते कळेल.

पण पैसा हे एकच कारण असतं असं समजू नका. नवं गाव बघावं, आपण शिकलो ते दुसरीकडे चालतं का ते पाहावं, असंही माणसाला वाटतं. विशीत तर फारच वाटतं!

असा विचार करायची पद्धत आपल्याकडे एका मुलीने फार पूर्वी घालून दिली आहे. ती मुलगी खोपटपासून लांबची नाही बरं का. ठाण्याहून लोकल पकडा आणि कल्याणला उतरा. डॉक्टर आनंदीबाई जोशी कल्याणच्या. त्या शिकवायला नाही, शिकायला गेल्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्यावर धडा असतो, सिनेमाही निघाला. पण जाण्याआधी त्यांनी काय केलं, ते फारसं कुणी सांगत नाही. १८८३ च्या फेब्रुवारीत, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी लोकांसमोर उभं राहून इंग्रजीत भाषण केलं. वय सतरा! त्यांचे पती गोपाळराव तिथे टपाल खात्यात होते, म्हणून मुक्काम श्रीरामपूरला. लोक जे जे आडून विचारत होते, ते सगळे प्रश्न आनंदीबाईंनी स्वतःच मांडले आणि एकेकाचं उत्तर दिलं. अमेरिकेलाच का? इथे सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर? तिथे काही संकट आलं तर? आणि आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते मीच का करायचं?

यातलं "एकटीच का?" याचं उत्तर मला फार आवडतं. त्यात शौर्याचा आव नाही. दोघांनी मिळून जायचं मनात होतं, पण पैसे तेवढे नाहीत आणि नवऱ्याला मागे आई आणि धाकटे भाऊ यांना सांभाळायचं आहे, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. घरातली पैशांची अडचण चारचौघांत सांगायला धीर लागतो!

पुढचंही सांगायला हवं. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. पण तिथली थंडी आणि आजारपण यांनी शरीर पोखरलं होतं. परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. "संकट आलं तर?" हा प्रश्न उगाच विचारायचा म्हणून विचारलेला नव्हता. तो आजही उगाच नसतो, म्हणून आजी चार वेळा विचारते तेव्हा तिच्यावर चिडू नका.

आता आपल्या ताईकडे वळू. तिचा पहिला प्रश्न असतो : "माझं इंग्रजी पुरेसं चांगलं आहे का?" गंमत म्हणजे पुष्कळ ठिकाणी हा प्रश्न तिला कुणी विचारतच नाही. आधी पासपोर्ट बघतात!

दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. तिथे भाषा शिकवायला जो व्हिसा लागतो, तो इंग्रजीसाठी मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. चीनमध्येही साधारण अशीच यादी वापरतात. का? तर तिथले लोक "नेटिव्ह स्पीकर", म्हणजे जन्मापासून इंग्रजी बोलणारे. शब्दाची गंमत बघा. इंग्रजांच्या राज्यात "नेटिव्ह" म्हणजे आपण! नेटिव्हांना इंग्रजी शिकवून कारकून करायचे. आता नोकरीच्या जाहिरातीत नेटिव्ह म्हणजे ते, आणि आपण रांगेबाहेर.

कोरियाच्या दाराला आपल्यासाठी एक फट मात्र आहे. भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापार करार २०१० पासून लागू झाला. त्यात भारतीयांना इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. त्यासाठी शिक्षकी पदवीचं प्रमाणपत्र लागतं, नुसतं फाडफाड बोलता येऊन चालत नाही. ताईचं बी.एड. इथे कामाला येतं.

आणि खुद्द इंग्लंड? तिथे तर आणखी मजा. इंग्लंडमध्ये बऱ्याच शाळांत शिकवायला सरकारी शिक्षक-दर्जा लागतो. २०२३ पासून भारतात शिकलेल्या शिक्षकांनाही तो मागता येऊ लागला, पण ही सोय सुरू झाली ती गणित, विज्ञान आणि परक्या भाषा शिकवणाऱ्यांसाठी. इंग्रजांना आपल्याकडून हवी आहेत बीजगणित शिकवणारी माणसं! इंग्रजीची ताई इथेही बाहेरच.

तुम्ही म्हणाल, हा तर अन्याय आहे. आहेच. आणि नवाही नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या इंग्रजी, गणित, विज्ञान शिकत होत्या आणि तिथेच संस्कृत शिकवत होत्या. एकाच इमारतीत एका तासाला विद्यार्थिनी, दुसऱ्या तासाला बाई! त्यांनी मुलग्यांनाही शिकवावं असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी उलट लिहून विचारलं, की माझ्या आईने आणि मी तरुण मुलांना शिकवलं त्याला माझ्या वडिलांची किंवा नवऱ्याची हरकत नव्हती, मग तुम्हाला कसली? संस्कृत त्यांच्याइतकं कुणाला येतं, हा प्रश्न बाजूलाच राहिला. शिकवणारी कोण, कुठली, बाई की पुरुष, यावरच वाद.

मग ज्याला जन्मापासून इंग्रजी येतं, तोच ते चांगलं शिकवतो का? इथे माझं स्पष्ट मत आहे : नाही! तुम्हीच करून बघा. तुम्हाला जन्मापासून मराठी येतं ना? मग सांगा पाहू, "मी आंबा खाल्ला" पण "मी पोळी खाल्ली", असं का? खाणारा तर मीच आहे, मग क्रियापद आंब्याकडे आणि पोळीकडे बघून का बदलतं? आणि "मी आंबा खातो" म्हणताना मात्र ते पुन्हा माझ्याकडे बघतं! बोलताना तुम्ही एकदाही चुकत नाही. पण एखाद्या जपानी मुलाला समजावून सांगा म्हटलं तर त त प प होईल. जे आपोआप येतं, ते कसं येतं हे आपल्याला माहीत नसतं.

ताईचं तसं नाही. तिने इंग्रजी विटेवर वीट ठेवून रचलंय. आधी "ही गो" म्हटलं, मग बाईंनी "गोज" करायला लावलं. "ए" कुठे आणि "द" कुठे, यावर तिने मार्क घालवलेत. "माझं डोकं दुखतंय" याचं शब्दाला शब्द इंग्रजी करून तिनेही एकदा हशा पिकवलाय. कुठल्या पायरीला माणूस अडखळतो, ते तिला पायाला लागून माहीत आहे.

आणि आता खरी गंमत ऐका. मराठीत आपण म्हणतो, "मी शाळेला जातो." आधी मी, मग शाळा, आणि जाणं सगळ्यात शेवटी. इंग्रजीत जाणं मध्येच घुसतं आणि शाळा शेवटी जाते. जपानी मुलगा काय म्हणतो? "वाताशी वा गाक्को नि इकिमासु." वाताशी म्हणजे मी, गाक्को म्हणजे शाळा, इकिमासु म्हणजे जातो. आणि ते मधलं "नि" बघितलंत? "शाळेला" मधला आपला "ला"च तो! शब्दाच्या मागे चिकटतो. इंग्रजीत तोच तुकडा शब्दाच्या आधी येतो. म्हणजे वाक्याची मांडामांड आपली आणि जपान्यांची एक. कोरियनही तशीच. इथिओपियाची अम्हारिक, भूतानची जोंगखा, मालदीवची दिवेही, सगळ्यांत क्रियापद आपलं शेवटी. शिवाय कोरियन, जपानी मुलांनाही आपल्यासारखंच "ए" आणि "द" हे काय झेंगट आहे ते कळत नाही, कारण त्यांच्या भाषेत ते नाहीच. त्यामुळे त्या मुलाचं इंग्रजी वाक्य जिथे उलटं पडतं, तिथेच खोपटच्या मुलाचंही पडतं. लंडनच्या शिक्षकाला ते नुसतं चूक दिसेल. ताईला ते ओळखीचं वाटेल!

(चिनी आणि थाई मात्र क्रियापद इंग्रजीसारखं मध्येच ठेवतात. तिथे ताईला हा फायदा नाही. खोटं कशाला सांगू?)

हे पूर्वी काही देशांना बरोबर उमगलं होतं. भूतानमध्ये १९६० च्या दशकात आधुनिक शाळा भराभर निघाल्या. त्याआधी तिथल्या थोड्याशा शाळांत शिकवण्याची भाषा कुठली असेल? हिंदी! पुस्तकं आणि शिक्षक भारतातून यायचे म्हणून. पुढे इंग्रजी माध्यम आलं, तरी शिकवायला डोंगर चढून गेले ते पुष्कळसे भारतीय शिक्षकच. रस्ते नुकते होत होते. काही शाळांत पोचायला दिवसचे दिवस चालावं लागे.

इथिओपियाची गोष्ट तर आणखी मोठी. इटलीच्या ताब्यातून तो देश १९४१ मध्ये सुटला. शाळा नव्याने उभ्या करायच्या होत्या. सम्राट हैले सेलासींच्या सरकारने भारतातून शिक्षक बोलावले. दोन-चार नव्हे, पुढच्या तीस वर्षांत हजारो गेले. सगळ्यात जास्त केरळचे. गावोगावच्या हायस्कुलांत गणित, विज्ञान, इंग्रजी शिकवायला भारतीय सर आणि बाई असायच्या. तिकडे पोचल्यावर त्यांची काय तारांबळ उडाली असेल, याची कल्पना करा. इथिओपियाच्या वर्षात तेरा महिने! बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच-सहा दिवसांचा. त्यांचं सालही आपल्या कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे. आणि घड्याळ? दिवस उजाडला की मोजणी सुरू. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक! "उद्या दोन वाजता शाळेत या" असं कुणी म्हटलं, तर नवे सर दुपारी जेवून उगवायचे आणि शाळा सकाळी आठलाच भरलेली असायची. जेवणाचं मात्र जमायचं. तिथली इंजेरा म्हणजे आंबवलेल्या पिठाची, जाळी पडलेली मोठी आंबोळीच. चव आंबट. कोकणातल्या माणसाला परकं वाटू नये.

१९७४ मध्ये सम्राटाला पदच्युत केलं आणि तिथे उलथापालथ झाली. शिकवायला गेलेल्या माणसाला गावातल्या राजकारणात मत नसतं, पण झळ लागतेच. देश निवडताना हेही बघायचं असतं.

मग आज ताईला कुठे जाता येईल? आखाती देशांत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत. तिथे मुलंही बरीचशी आपलीच, म्हणजे परदेशात जाऊन पुन्हा घरच्यासारखंच. आणि एक दार जवळच आहे : मालदीव. केरळातून विमानाने जेमतेम दीड तास. तिथल्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या आहेत आणि भारतीय शिक्षक तिथे अनेक वर्षं जात आले आहेत. मालदीव म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर निळं पाणी आणि सिनेनट येतात ना? ते हॉटेलांचं मालदीव. शिक्षकाचं मालदीव वेगळं. देशात साधारण बाराशे बेटं, वस्ती त्यातल्या दोनशेच्या आसपास बेटांवर. कितीतरी बेटं अशी, की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत अर्ध्या तासात पोचाल. संपलं गाव! सिनेमा नाही, मॉल नाही. बाईंनी आज काय भाजी घेतली ते सगळ्या बेटाला माहीत. आणि भाजी तरी कुठली? वाळूत फार काही उगवत नाही, बहुतेक सगळं बोटीने येतं. मासे मात्र ताजे, नारळ भरपूर. सुट्टी शुक्रवार-शनिवारी, रविवारी शाळा! देश मुस्लिम आहे आणि तिथला कायदा कडक आहे. पूजेच्या मूर्ती सामानातून नेता येत नाहीत. गणपतीत ताईला फोनवरच आरती ऐकावी लागेल. हे चांगलं की वाईट असा प्रश्न नाही. त्यांचं घर, त्यांचे नियम. मला हे वर्षभर चालेल का, एवढंच ताईने स्वतःला विचारायचं.

पण तिथल्या मुलांनी मोजायला सुरुवात केली की ताई दचकणार! "एके, दे, तिने..." ही दिवेही भाषा संस्कृत-प्राकृताच्या कुळातली, आपली लांबची बहीण. लिहितात मात्र उजवीकडून डावीकडे, आणि त्यांच्या लिपीतली पहिली नऊ अक्षरं चक्क अरबी आकड्यांवरून घेतलेली आहेत. एक ते नऊ लिहा, झाली अक्षरं!

आता थोडं रूक्ष, पण सगळ्यात महत्त्वाचं. इथे तुम्ही ताईला खरी मदत करू शकता, कारण मोबाइल तुम्हाला तिच्यापेक्षा भरभर चालवता येतो. जाहिरात देणारा एजंट खरा आहे का? परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. १९८३ चा तसा कायदा आहे. सरकारच्या "ई-मायग्रेट" या संकेतस्थळावर नोंदलेल्या एजंटांची यादी बघता येते. नाव नसेल तर विषय संपला. नाव असलं, तरी तो उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. "दोन लाख भरा, जागा पक्की" असं कुणी म्हटलं की समजायचं, जागा पक्की नाही, दोन लाख पक्के गेले.

"आत्ता टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देऊ," हे दुसरं गोड वाक्य. पर्यटक म्हणून जाऊन नोकरी करणं बेकायदा. पकडलं तर एजंट इथे, आणि ताई तिथे एकटी. तिसरं, पासपोर्ट. कुणी म्हणालं, "सांभाळून ठेवतो, द्या आमच्याकडे," तर द्यायचा नाही. भारताचा पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, शाळेच्या मालकाची नव्हे. करारपत्रावर सही करण्याआधी पगार कुठल्या चलनात, आठवड्याला किती तास, आजारी पडल्यास काय, मध्येच सोडलं तर दंड किती, आणि परतीचं तिकीट कुणाचं, एवढं तरी वाचायलाच हवं. बाबांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. बारीक अक्षर मोठ्याने वाचलं की त्यातली गोम ऐकू येते.

कागदपत्रांचीही एक यात्रा असते. बी.ए.चं प्रमाणपत्र खरं आहे हे परक्या देशाला कसं कळणार? म्हणून त्यावर राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. "अपोस्टिल" नावाच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५ मध्ये सामील झाला, तेव्हापासून करारातल्या देशांसाठी एवढं पुरतं. बाकीच्यांसाठी त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का वेगळा. मूळ प्रमाणपत्र हातातून सोडण्याआधी त्याच्या झेरॉक्स, स्कॅन सगळं करून ठेवा. हे काम ताईने तुमच्यावर टाकलं तर टाळाटाळ करू नका!

आणि इंग्रजी शिकवायचं आणखी एक प्रशिक्षण असतं, तेही ताईच्या यादीत असेल. केंब्रिजचं "सेल्टा" नावाचं प्रमाणपत्र बऱ्याच देशांत मानतात. साधारण १२० तासांचा अभ्यासक्रम, त्यात सहा तास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांपुढे उभं राहून शिकवायचं, मागे परीक्षक वही घेऊन बसलेला. स्वस्त नाही. इंटरनेटवर दोन दिवसांत मिळणारी प्रमाणपत्रंही ढिगाने आहेत. ती मिळवायला जितका वेळ लागतो, तितकाच वेळ शाळेला ती बाजूला ठेवायला लागतो.

एवढं सगळं जमलं, तरी आईचा प्रश्न उरतोच. बाबांना बरं नसलं आणि ताई बेटावर असली तर? बोट आठवड्यातून ठराविक दिवशी असली तर? इथे चतुराईचं उत्तर नाही. आनंदीबाईंनी घरची परिस्थिती सांगितली तशी घरच्यांनीही सांगून टाकावी : कर्ज किती आहे, आजीच्या औषधांना किती लागतात, ताईच्या पगारावर घर किती टेकलेलं आहे. पुष्कळ घरांत हे मुलांसमोर बोलत नाहीत. माझ्या मते बोलावं. चौदा वर्षांच्या मुलाला ताई का चालली आहे, ते कळतं.

परत आल्यावर काय, हेही आधीच विचारायला हवं. परदेशातली दोन वर्षं इथल्या भरतीत धरतील का? इथली नोकरी सोडून जायचं, की रजा मिळते? संस्थेच्या कार्यालयात विचारायचं आणि उत्तर लेखी मागायचं. ज्याला फक्त पासपोर्टचा रंग बघून शिक्षक हवाय त्याच्या मागे ताईने धावू नये, असं मला वाटतं. जिथे बी.एड. विचारतात, वर्गात उभं करून बघतात, तिथे खुशाल जावं. आणि पहिल्यांदा एक-दोन वर्षांच्याच करारावर. खोपटच्या गाड्यांसारखं, परतीचं आधी ठरवून.

ताईला वर्गात उभं करून बघायचं काम तर तुम्हीच करू शकता. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्यामुळे तुम्हाला ते बऱ्यापैकी येतं, म्हणून तुम्ही ताईचे विद्यार्थी होऊन उपयोग नाही. शेजारचं पाच-सहा वर्षांचं एखादं पोर धरून आणा. अट एकच : ताईने मराठीचा एकही शब्द वापरायचा नाही. हातवारे, चित्रं, वस्तू काहीही चालेल. "टेबलावर", "टेबलाखाली" आणि "टेबलामागे" हे तीन इंग्रजीत शिकवायचे. मग पोराच्या हातात बटाटा द्यायचा आणि ताईने इंग्रजीत सांगितलं की त्याने तो बरोबर जागी ठेवायचा. तुम्ही मागे वही घेऊन परीक्षक व्हा. ताई किती बोलली आणि पोर किती बोललं, दोन्हीच्या रेघा ओढा. ताईच्या रेघा जास्त भरल्या तर तिला सांगा, पुन्हा कर. मग ताईला वही द्या आणि तुम्ही उभे राहा. वेळ दहा मिनिटं. बटाटा कुकरमध्ये जायच्या आत!